वाशीमला कुठं उतरायचं

ही हकिगत मी घरात कधी नीट सांगितली नाही, कारण सांगायला लागलो की आवाज चढतो. लिहिताना तरी तो ताब्यात राहील असं वाटलं होतं. पाहू.

मीनाबाजार वाशीमला आला तेव्हा मी नुकताच बी.ए. होऊन मानोऱ्याला एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागलो होतो. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, अकोल्याखालचा तालुका होता. पण आम्ही आसेगावच्या पुढच्या खेड्यातले. आमच्यासाठी शहर म्हणजे वाशीमच. तिथल्या मोकळ्या मैदानात कनाती ठोकून त्या कंपनीनं आत वेगळंच गाव वसवलं होतं. आकाशपाळणा, मौत का कुआँ, माणसाला लांबुडका नाहीतर बुटका करून दाखवणारे आरसे, रुळावरून गोल फिरणारी पोरांची आगगाडी. आणि संध्याकाळी जनरेटर सुरू झाला की सगळ्यावर रंगीत दिवे.

दिव्यांची गोष्ट माझी बहीण आसेगावच्या बाजारातून ऐकून आली. तिचं लग्न उन्हाळ्यात ठरलं होतं. सासर पार पुसदकडचं, माणसं कडक. "लगनाच्या आंधी मले त्या पाळण्यात बसाचं हाय," ती म्हणाली. मी म्हटलं, रविवारी सकाळच्या गाडीनं जाऊ, पाहून संध्याकाळी परत येऊ. तर म्हणते, "दिवसा वर बसून काय पाह्याचं? वावरं? वावरं तं मी रोज पाह्यतो. दिवे लागल्यावर बसाचं."

परतीची शेवटची एस.टी. दिवस मावळायच्या आत सुटायची. म्हणजे रात्र वाशीमला काढावी लागणार होती. म्हणजे उतरायला जागा पाहिजे होती. आज हे वाक्य कोणाला काहीच सांगत नाही. आमच्या घरात त्या वाक्यावर आठवडाभर खल झाला.

माझ्या मनात तेव्हा एक गोष्ट पक्की बसली होती. माझ्या बानं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या वावरात सालदारी केली होती. माझी माय कधी परगावी राहिलीच तर बहिणीकडं, भावाकडं, नाहीतर कापूस वेचायला गेली तिथल्या शेताच्या बांधावर. त्यांना कोणी पाहुणे म्हणून बोलावलंय, या बसा म्हणून खाट टाकलीय, ताट वाढलंय, असं आमच्या माणसांच्या बाहेर कधी झालं नव्हतं. मी शिकलो, नोकरीला लागलो, तर निदान एक रात्र तरी त्यांची तशी जावी, एवढंच मला पाहिजे होतं. बहिणीला पाळणा पाहिजे होता, आणि मला हे.

बा म्हणाला, मामाकडं उतरू. मायचा चुलतभाऊ वाशीमला आमच्या वस्तीत राहायचा. एक खोली, पुढं शेळ्या, आणि मामीची जीभ. मी नको म्हटलं.

कचेरीच्या कामानं वाशीमला गेलो तेव्हा एका धर्मशाळेत चौकशी केली. ओसरीवर बसलेल्या व्यवस्थापकानं सुपारी कातरता कातरता विचारलं, "कोण्या समाजाचे?" नाव नंतर. किती माणसं, किती दिवस, ते तर त्याच्याही नंतर. मी सांगितलं. तो म्हणाला, खोल्या भरल्या. त्याच्या मागं ओळीनं खोल्या होत्या आणि त्यातल्या बहुतेकांना बाहेरून कुलपं होती. भरलेल्या खोल्यांना बाहेरून कुलूप कोण लावतं, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. तो पुन्हा सुपारी कातरायला लागला होता. त्याच्या दृष्टीनं मी तिथून गेलेलोच होतो.

बसस्टँडवर एक लॉज होता. त्याचं नाव काढल्याबरोबर मायनं कानावर हात ठेवले. लग्न ठरलेली पोरगी घेऊन लॉजात झोपलो हे पुसदपर्यंत कळलं तर, असं तिचं म्हणणं. त्यात तिचं चूक नव्हतं.

तेवढ्यात सर भेटले.

सरांबद्दल मला आधी चांगलं सांगितलं पाहिजे, कारण ते खरं आहे. ते हायस्कूलला माझे मराठीचे शिक्षक होते. मोठ्या शेतीवाडीच्या घरातले. मी नववीत असताना बानं मला शाळेतून काढून गुरांमागं लावायचं ठरवलं. ते कळल्यावर सर सायकलवर आमच्या गावी आले, थेट आमच्या दारात. आमच्या वस्तीत असा माणूस पहिल्यांदाच येत होता. पोरं सायकलभोवती गोळा झाली. सर बाला म्हणाले, हा पोरगा शिकला तर तुमचं घर उभं राहील, याला काढू नका. बानं काढलं नाही. पुढं वसतिगृहात जागा मिळवून देणं, कॉलेजची पुस्तकं देणं, सगळं सरांनी केलं. मी जो काही आहे त्याला सुरुवात त्या सायकलीपासून झाली. हे उपकार मी तेव्हाही मानत होतो आणि आताही मानतो. म्हणून तर राग अजून जात नाही. धर्मशाळेवाल्यावरचा राग मी केव्हाच विसरलो.

सर निवृत्त होऊन वाशीमला घरी राहायला आले होते. बसस्टँडवर गाठ पडली. मी मीनाबाजाराचं बोललो, जागेची अडचण बोललो. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "अरे, माझं घर असताना जागा कसली शोधतोस? आईवडलांना घेऊन सरळ घरी ये. उतरा, जेवा, फिरा. तुझ्या वडलांना मी कितीतरी वर्षांत पाहिलं नाही."

उतरा, जेवा, फिरा. मी मानोऱ्याला परत जाताना गाडीत हे मनात घोळवत गेलो.

शनिवारी दुपारच्या गाडीनं निघालो. मायनं आदल्या रात्रीच भाकरी-ठेचा बांधायला काढला होता आणि बानं थैलीत आपला लोटा घातला होता. मी दोन्ही काढून ठेवायला लावलं. म्हटलं, पाहुणे कोणी भाकरी बांधून घेऊन जातात काय, सरांना काय वाटेल? बा म्हणाला, "लोटा तं राहू दे. पाणी लागते माणसाले." मी तोही राहू दिला नाही.

सर दारातच उभे होते. आम्हाला पाहून पुढं आले, बाचे दोन्ही हात हातात घेतले. बाचे हात काय करावं हे न सुचून तसेच सरांच्या हातात राहिले. मग सरांनी आम्हाला बैठकीला लागून असलेल्या खोलीत नेलं. गोठ्यात नाही, पडवीत नाही, घरात. खोली झाडून स्वच्छ केली होती. दोन खाटा, त्यावर गाद्या, धुतलेल्या चादरी, उशांच्या अभ्र्यांवर रंगीत दोऱ्यानं विणलेली फुलं. कोपऱ्यात पाण्याचा नवा माठ, त्यावर पेला. मायनं उशीवरच्या फुलावरून बोट फिरवलं. बहीण भिंतीवरच्या आरशापुढं उभी राहून वेणी नीट करायला लागली. बा खाली बसला होता, त्याला मी उठवून खाटेवर बसवला. जे मला पाहिजे होतं ते माझ्यासमोर झालं होतं. फार वेळ नाही, पण झालं होतं. मला रडू यायच्या बेतात होतं.

मग सर आत जाऊन आले ते हातात पितळी परात घेऊन. परातीत ज्वारीचं पीठ, तांदूळ, तुरीची डाळ, हिरव्या मिरच्या, लसूण, मीठ, कांदे, काटेरी देठाची ताजी वांगी, गुळाचा खडा, आणि वाटीभर तूप. सगळं उत्तम होतं. तांदूळ घरात सणाला शिजवतात तसला. सर म्हणाले, "मागच्या अंगणात चूल मांडून ठेवली आहे. लाकडं आहेत, भांडी काढून दिली आहेत. तुम्हाला आपल्या हातचं बरं पडेल."

मी परात घेतली. आणि मी म्हणालो, "कशाला एवढा त्रास, सर." मनापासून म्हणालो. इतकं तूप पाहून मला खरोखर कृतज्ञ वाटलं होतं. सर हसले आणि आत गेले.

मी वळलो तर माय माझ्याकडं पाहत होती.

"हा शिधा हाय," ती म्हणाली.

मला क्षणभर कळलं नाही. शिधा म्हणजे काय हे मला माहीत होतं. ज्याच्यासोबत आपलं जेवण होत नाही, त्याला शिजवलेलं देत नाहीत, कोरडं देतात, त्यानं आपलं वेगळं शिजवून घ्यावं. ते माहीत होतं, पण आपल्या हातात आलेली परात म्हणजे तेच, हे डोक्यात शिरत नव्हतं. आतून फोडणीचा वास येत होता. आत वांग्याचीच भाजी होत होती.

बा सावरून घ्यायला म्हणाला, "मोठ्या घरी शिधा देणं म्हंजे मान असते. साधू-गोसाव्याले देतेत नं."

"मान?" माय म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "गुरुजी सायकलीवर आले होते तवा मी चहा ठेवला होता. दूध शेजारून मांगून आणलं होतं. ते म्हणाले, आज उपास हाय. आठवते तुमाले?"

बा उशीवरच्या फुलांकडं पाहायला लागला.

"उपासाले चहा चालते," माय म्हणाली.

मलाही तो दिवस आठवत होता. सायकल आठवत होती, सरांचं बोलणं आठवत होतं. चहा आठवत नव्हता. मायनं तो इतकी वर्षं मनात ठेवला होता आणि माझ्यासमोर एकदाही काढला नव्हता, कारण त्या माणसामुळं तिचा पोरगा शिकत होता. मला सरांचा राग यायच्या आधी या गोष्टीचा राग आला. माझ्या शिक्षणासाठी तिनं हेही गिळलं होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

मी परात खाटेवर ठेवली आणि बैठकीतून मधल्या दारापर्यंत गेलो. सर तिथंच होते. मी विचारलं, "सर, आज घरात स्वयंपाक नाही का?"

त्यांनी मागं आतल्या बाजूला पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "आहे रे. पण आई जुन्या वळणाची, वहिनी तशाच. खोली द्यायलासुद्धा मला किती बोलावं लागलं ते मला माहीत. तू शिकलेला आहेस. तू समजून घे."

त्या घरात सगळ्यांत कमी शिकलेला मी नव्हतो हे खरं. पण ज्यांना समजायला पाहिजे ती माणसं दाराच्या आत होती, आणि समजून घ्यायचं काम दाराच्या बाहेरच्या माणसाला सांगितलं जात होतं. नंतरच्या आयुष्यात हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलं की मोजणं सोडून दिलं. कचेरीत ऐकलं, भाड्यानं घर शोधताना ऐकलं, मुलीच्या मैत्रिणीच्या लग्नात ऐकलं. तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही समजून घ्या. जणू आम्हाला शाळेत घातलं ते यासाठीच.

मी म्हणालो, "सर, मी शिकलो ते तुमच्याकडूनच. घरात कोणाला शिकवलं नाही का तुम्ही?"

सरांचा चेहरा पडला. "माणसानं एकदम सगळं मागू नये," ते म्हणाले.

"मी काही मागितलं नव्हतं. जेवा असं तुम्हीच म्हणाला होता."

तोवर माझ्या मागं माय येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात आमच्या थैल्या होत्या. तिनं खाटेवरची विस्कटलेली चादर पुन्हा ताणून नीट केली होती, हे मी नंतर जाताना पाहिलं. ती सरांना म्हणाली, "गुरुजी, पोराले तुमी शिकवलं. ते उपकार आमच्यानं फिटाचे नाईत. पण शिधा नेत नाई आमी. आमी पाहुणे म्हून आलो होतो."

आत कोणीतरी भाजी परतत होतं तो आवाज थांबला.

बाहेर रस्त्यावर आल्यावर बा म्हणाला, "एका रातीची गोठ होती. चूल मांडून झाली होती." परतीची शेवटची गाडी निघून गेली होती. पाळण्याचं आता काय, हे बहीण विचारत नव्हती आणि मला ते तिच्या पाठीवरून कळत होतं.

राहिलं होतं ते मामाचं घर. मामी दारात तांदूळ निवडत बसली होती. मीनाबाजाराला येणार आहोत आणि सरांकडं उतरणार आहोत, हे तिच्यापर्यंत आधीच पोचलं होतं. आम्हाला थैल्यांसकट पाहून तिनं सूप बाजूला ठेवलं.

"या. बंगल्यातलं पाहुणपण लवकर आटोपलं वाटते."

माय तिथंच बाजेवर बसली आणि सगळं सांगितलं. मामी ऐकत ऐकत उठली, चुलीत काड्या सारल्या, आणि पीठ परातीत घेता घेता बाला म्हणाली, "भाऊजी, मान पाह्यजे असन तं सांगा. पीठ असंच देतो, तुमीच थापा." बा पहिल्यांदा हसला. मामीनं भाकरी टाकल्या, अंबाडीची भाजी वाढली. मामीची जीभ मला नको होती म्हणून मी ते घर टाळलं होतं. ती जेवण होईपर्यंत आम्हाला टोचत राहिली आणि वाढत राहिली.

जेवून आम्ही मीनाबाजाराला गेलो. दिवे लागले होते. बहीण आणि माय पाळण्यात बसल्या, मी आणि बा खाली उभे राहिलो. खाली उतरल्यावर मी बहिणीला विचारलं, कसं वाटलं? तर म्हणाली, "मले काईच दिसलं नाई. मी डोये मिटून घेतले होते." मग ती पुन्हा बसली, या वेळी बाला घेऊन, डोळे उघडे ठेवून. म्हातारपणीही ती त्या दिव्यांबद्दल बोलते. रेल्वेस्टेशनच्या बाजूचे दिवे कसे दिसले, खाली माणसं कशी दिसली. मौत का कुआँमधला मोटरसायकलवाला हात सोडून चालवायचा, असंही सांगते.

मला यातलं काही आठवत नाही. मी तिथं होतो, तिकिटं मी काढली, आरशांच्या तंबूत मीही गेलो असणार. पण माझ्या डोळ्यासमोर त्या रात्री परात होती. आजही मला त्या परातीत काय कुठं होतं ते सांगता येतं. वांगी डावीकडं, वाटी मधोमध, गूळ कांद्यांना टेकलेला. आमच्या घरानं एकुलती एक सहल काढली, आणि तिच्यातून मला आठवायला एवढंच मिळालं. हे कोण भरून देणार? उपकारांची फेड मी जन्मभर करत आलो. माझं जे येणं आहे त्याची कोणी आठवणही काढत नाही.

सकाळी आम्ही निघायच्या तयारीत असताना सर आले. वस्तीच्या तोंडाशी सायकल उभी करून, विचारत विचारत मामाच्या दारापर्यंत. बहिणीची वेणीची रिबन त्यांच्या खोलीत आरशापाशी राहिली होती, ती द्यायला. रिबनीसाठी कोणी एवढं येत नाही हे आम्हाला कळत होतं. मामानं बाज टाकली. सर बसले. मामीनं न विचारता चहा केला आणि कपबशी त्यांच्यापुढं धरली.

सर त्या कपाकडं पाहत राहिले. शेळी ओरडली. माय चौकटीला टेकून उभी होती, तिची नजर कपावर होती. मग सरांनी कप उचलला आणि प्यायले. घाईघाईनं नाही, नेहमीसारखे, बशीत ओतून, फुंकून, सगळा. रिकामी कपबशी खाली ठेवली, बाला नमस्कार केला, आणि उठले.

इथं आल्यावर ऐकणाऱ्याला वाटतं, आता तुमचा राग गेला असेल. एकदा एका सहकाऱ्याला सांगितलं तर तो म्हणालाही, बघा, माणूस शेवटी चांगला निघाला. माणूस चांगला होताच. मी कधी नाही म्हटलं? पण तो चहा त्यांनी आमच्या वस्तीत येऊन प्यायला, जिथं त्यांच्या घरचं कोणी पाहत नव्हतं. घरी परत चला, आज जेवूनच जा, हे ते म्हणाले नाहीत. मी त्या वाक्याची वाट पाहत होतो. ते सायकलवर बसले तेव्हाही पाहत होतो, आणि वळणावर ते दिसेनासे झाल्यावर मला समजलं की ते वाक्य येणार नाही.

परतीच्या गाडीत माय खिडकीशी बसली होती. आसेगावचा फाटा जवळ आला तेव्हा ती बाला म्हणाली, "सुटला म्हना गुरुजीचा उपास एकदाचा."

बा हसला, बहीण तोंडाला पदर लावून हसली, मायही हसली. मी हसलो नाही. बानं मला कोपरानं ढोसलं, तरी नाही.